रजई भरायचीय? आधी गॅलरीतलं ऊन बघा

लेकीनं पुण्यात भाड्यानं घर घेतलं तेव्हा मी हौसेनं तिच्यासाठी रजई भरून नेली. एकेरी, साठ बाय नव्वद इंच, आत 3 किलो कापूस. दोन महिन्यांनी गेले तर रजई पलंगाच्या पेटीत कोंबलेली आणि कुबट वास मारत असलेली. म्हणाली, "आई, ही अंगावर घेतली की कूस बदलता येत नाही. आणि वाळत कुठे घालू? गॅलरीत ऊन येतं वीस मिनिटं, तेही ग्रिलच्या पट्ट्यापट्ट्यांचं."

तीस वर्षं शिवणकाम करतेय. रजयांच्या खोळी शिवून देते, पिंजाऱ्याकडून भरून आणते, टाके घालून देते. तरी ही चूक माझ्याच हातून झाली, कारण हिशेब डोक्यात होता आमच्या निफाडचा. हिवाळ्यात पेपरात "निफाड गारठले" अशी बातमी येते ना, तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. पारा चार-पाच अंशांवर उतरला की लोक पहाटे द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटवतात. तिथली रजई पुण्याच्या चौथ्या मजल्यावर नेऊन काय उपयोग?

तेव्हापासून कुणी रजईचं विचारायला आलं की मी आधी कापूस की फायबर, म्हणजे पॉलिएस्टरचं भरण, हा विषय काढतच नाही. पहिला प्रश्न, घरात ऊन कुठे येतं आणि किती वेळ? दुसरा, ती रजई उचलून उन्हात टाकणार कोण? या दोन उत्तरांवर निम्मी निवड होऊन जाते.

त्याचं कारण असं. ऊब आपल्याच अंगाची असते, रजई ती नुसती अडवून धरते. अडवण्याचं काम करते धाग्याधाग्यात अडकलेली हवा. पटत नसेल तर पाच वर्षं वापरून चपटी झालेली रजई उसवा, तोच कापूस पिंजून परत भरा. वजन तेवढंच, किंबहुना धूळ-कचरा उडून थोडं कमीच, पण ऊब कितीतरी जास्त. कापूस तोच, हवा तेवढी परत आली. म्हणून जाड आणि जड रजई हातात घेऊन "हीच गरम असणार" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी खाली बसवते.

आता कापूस. माझा जीव कापसातच आहे, ते लपवत नाही. कापूस घाम टिपतो, अंगाला चिकटत नाही, पहाटे गुदमरल्यासारखं होत नाही. पण जो घाम टिपतो तो हवेतली ओलही टिपतो. एरवीच कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतो, पावसाळ्यात आणखी. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. ओल धरलेला कापूस बसतो, त्यातली हवा जाते, मग वास येतो. त्यावर उपाय ऊन हाच. थंडीत दर आठ-पंधरा दिवसांनी दोन-तीन तास, दोन्ही अंगांनी, आणि घरात आणण्याआधी काठीनं हलकेच झोडपून. हे होणार नसेल तर कापसाच्या वाटेला जाऊ नका. शिवाय कापसाची रजई धुता येत नाही. भिजली की आत गोळे होतात आणि वाळायला तीन-तीन दिवस लागतात. धुवायची ती वरून घातलेली वेगळी खोळ.

मी लहान असताना पिंजारी आमच्या ओट्यावर यायचा. खांद्याला धनुकली, तिच्या तातीवर लाकडी ठोकळा मारला की टँव टँव आवाज गल्लीभर जायचा आणि कापूस दुधावरच्या फेसासारखा फुगायचा. आता यंत्र आहे, दातेरी रूळांतून कापूस निघतो, दहा मिनिटांत काम. हातपिंजणीचा कापूस मऊ राहायचा असं मला वाटतं, पण त्या माणसाच्या छातीत किती धूळ जात असेल तेही आठवतं.

पिंजाऱ्याकडे गेलात की कापूस मुठीत घेऊन बघा. चांगला कापूस किंचित पिवळसर, पानाचा एखादा बारीक तुकडा असलेला असतो. बर्फासारखा पांढरा आणि चमकणारा दाखवला तर मला शंका येते, त्यात फायबर मिसळलेलं असू शकतं. हाताला कडक दाणे लागले तर सरकी राहिलीय. ती टोचते, आणि उंदरांना आमंत्रण. मधूनमधून लाल-निळे धागे दिसले तर तो कापूस जुने कपडे यंत्रात फाडून केलेला. स्वस्त असतो, लवकर बसतो. गादीखाली घालायच्या बोचक्याला चालेल, अंगावर घ्यायला नको.

भाव तीन वेगवेगळे विचारा. कापूस किलोला किती, पिंजणावळ किलोला किती, भरून टाके घालायची मजुरी नगाला किती. एकच ठोक आकडा सांगतात तिथे कापसात हात आखडला जातो. जुना कापूस पिंजायला दिलात तर वजन करून द्या आणि जमलं तर तिथेच बसा. एकदा मी बाजार करून परत येईपर्यंत आमच्या स्वच्छ कापसात कुणाच्या तरी गादीचा काळपट कापूस आला होता. भांडून काय उपयोग, आपला ओळखायचा कसा?

भरताना खोळ उलटी अंथरतात, तिच्यावर कापसाचा थर पसरतात आणि गुंडाळी करत करत सुलटवतात. या वेळी कोपऱ्यांवर नजर ठेवा. मध्ये भरपूर आणि कोपरे उपाशी, हे नेहमीचं. आणि थंडी शिरते ती पायाशीच.

किती भरायचा? साठ बाय नव्वदच्या एकेरी रजईत आमच्याकडे आता मी दीड किलो भरते, म्हाताऱ्या माणसाला फार थंडी वाजत असेल तर दोन. त्याच्या वर नाही, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला जड रजईखाली हलताच येत नाही. पुण्या-संभाजीनगरकडे सव्वा किलो बास. मुंबई-कोकणात रजई कशाला, दोन लुगड्यांची गोधडी पुरते. जयपुरी रजई म्हणून जी मिळते ती मुळात अशाच सौम्य थंडीला बरी. बारीक पिंजलेला थोडा कापूस, वर छापाचं मऊ कापड. दिसते सुरेख, पण निफाडच्या पहाटेला ती एकटी पुरणार नाही.

ज्यांच्याकडे ऊन नाही, धुणं यंत्रात, आणि घरात कुणाला धुळीनं शिंका येतात, त्यांनी सरळ फायबर घ्यावं. मी नाक मुरडत होते, आता मुरडत नाही. चांगल्या फायबरचा धागा आतून पोकळ असतो, म्हणून हलका आणि फुगीर. दुकानात ते जीएसएमची भाषा बोलतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. त्याचा हिशेब असा मांडा, साठ बाय नव्वदची रजई साधारण साडेतीन चौरस मीटर भरते. म्हणजे 200 जीएसएमला आत 700 ग्रॅम फायबर, 300 ला किलोभर. पुण्याला 200 पुरे, आमच्याकडे 300. रजई काट्यावर ठेवून कापडाचं वजन अंदाजे वजा केलं की दुकानदार खरं बोलतोय का ते कळतं. मी असं केलेलं आहे, दुकानदाराला आवडत नाही.

फायबरची खोड अशी की ते घाम टिपत नाही. ज्याला झोपेत घाम येतो त्याला पहाटे ओलसर, चिकट वाटतं. यावर तोडगा म्हणजे वरखाली दोन्ही बाजूंना सुती कापड. पॉलिएस्टरचं चमकदार साटीन असलं तर ती रजई रात्रभर अंगावरून घसरत राहते, वर आवाज करते. दुकानात मूठभर रजई जोरात दाबून सोडा. लगेच फुगून आली तर फायबर ताजं, खड्डा तसाच राहिला तर ते दोन थंड्यांत चपटं होणार. आणि फायबर पिंजून परत फुगवता येत नाही, ही गोष्ट कुणी सांगत नाही. कापूस मात्र पुन्हा पुन्हा पिंजता येतो, तीन-चार वर्षांनी एकदा दिला की झालं.

माझ्या भाच्यानं घरबसल्या एक रजई मागवली होती, वर्णनात "शुद्ध कापूस". आली ती पिसासारखी हलकी. मी शिवण जराशी उसवली, चिमूटभर भरण काढून चिमट्यात धरलं आणि काडी लावली. कापूस असता तर कागदासारखा भुरुभुरु जळून मऊ राख झाली असती. हे वितळलं, काळा टणक मणी झाला आणि प्लॅस्टिकचा वास सुटला. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. हे मोरीत करा, रजईजवळ नको. रजई परत गेली, पैसे यायला मात्र वेळ लागला.

सावरीच्या कापसाचं विचारतात पुष्कळजण. उन्हाळ्यात बोंडं फुटून उडतो तो. अतिशय हलका, पाणी धरत नाही, पण धागा इतका गुळगुळीत की एकमेकांत गुंततच नाही. रजईत भरला तर एका कडेला जाऊन बसतो आणि शिवणीतून बाहेर येतो. त्याच्या उशा करा, त्याच्यासारखी उशी नाही.

लोकरीचं भरण चांगलंच, ओल धरूनही ऊब सोडत नाही. पण कसर लागते आणि किंमत झेपायला हवी. त्यापेक्षा सुती रजईवर रात्री एक घोंगडी टाका, टोचणारी बाजू अंगाला लागत नाही आणि काम तेच होतं. पिसांची रजई आपल्या हवेला नको. इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या पुतण्याला घ्यावी लागली, तिथे टॉग नावाचा ऊब मोजायचा आकडा पाकिटावर छापलेला असतो. उन्हाळ्याला साडेचार, कडक थंडीला साडेतेरा. आपल्याकडे असा आकडा पाकिटावर असता तर माझं निम्मं बोलणं वाचलं असतं.

खोळीचं कापड मऊ पण घट्ट विणीचं हवं. उजेडासमोर धरून बघा, भोकं भोकं दिसली तर वर्षभरात कापसाच्या मिशा बाहेर येतील. घरी शिवून घेणार असाल तर साठ इंच पन्ह्याचं पाच मीटर आणा, अडीच-अडीच दोन्ही अंगांना. आधी पाण्यातून काढा. नवं कापड आटतं, शिवाय भरून टाके घातल्यावर रजई सगळीकडून दोन-तीन इंच आत ओढली जाते. सहा फुटी माणसाला नव्वद इंच लांबी लागतेच. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण पांघरूण पाय पाहूनच घ्यावं. आणि डबल रजई घेणाऱ्या जोडप्यांना माझा सल्ला, दोन एकेरी घ्या. एकाला उकडतं तेव्हाच दुसऱ्याला थंडी वाजते, हे लग्नाच्या दुसऱ्या हिवाळ्यात कळतंच.

टाक्यांच्या रांगांत चार-पाच बोटांचं अंतर असावं. टाके लांब लांब असले तर कापूस सरकून मध्ये रिकामी जागा पडते. फारच जवळ असले तर प्रत्येक टाक्यापाशी रजई दबते आणि तिथून गारवा लागतो. नक्षीसाठी भरगच्च शिवलेली रजई म्हणून दिसायला छान, ऊबेला कमी. विकत घेताना रजई खिडकीसमोर धरून हात आतून फिरवा, विरळ जागा लगेच कळते.

वर वेगळी काढता-घालता येणारी खोळ घालणार असाल तर रजईच्या आणि खोळीच्या चारही कोपऱ्यांना आतून नाड्या शिवा आणि बांधा. पाच मिनिटांचं काम आहे. नाहीतर सकाळी रजई खोळीच्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली सापडते.

थंडी खालूनही येते, हे लोक विसरतात. फरशीवर किंवा पातळ गादीवर झोपत असाल तर वरच्या रजईत आणखी अर्धा किलो घालण्यापेक्षा खाली जाड गोधडी अंथरा. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला रजईखाली झोपवू नका, तोंडावर आली तर ते बाजूला करू शकत नाही. त्याला उबदार कपडे पुरतात.

उन्हाळा लागला की रजई दोन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, आत ओल कोंडते. सोबत वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला. डांबराच्या गोळ्यांचा वास पहिल्या थंडीत रात्रभर नाकात बसतो.

लेकीची ती 3 किलोची रजई मी परत आणली, उसवली, कापूस पिंजायला दिला आणि या वेळी जागेवरून हलले नाही. दीड किलोची एक रजई सासूबाईंना झाली. लेकीला 200 जीएसएमची फायबरची, वरून सुती कापड लावून, ती यंत्रात धुते. उरलेल्या कापसात एक तक्क्या आणि नातीच्या बाहुलीची गादी बसली. गादीला टाके नातीनंच घातलेत, एकही रांग सरळ नाही.