पुण्याला शिकायला निघण्याआधी

तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला शिकवताना बारावीनंतर अभियांत्रिकीसाठी पुण्याला जाणारी पुष्कळ मुले-मुली मी पाहिली. त्यांच्यापैकी जी पहिल्या वर्षी अडली, ती बहुधा बुद्धी कमी पडल्यामुळे अडली नाहीत; कोणाचा एखादा दाखला वेळेत हाती आला नाही, तर कोणाला न समजलेले विचारण्याचा संकोच नडला. या दोन्हींची तयारी घर सोडण्याच्या कितीतरी आधी सुरू करता येते, म्हणून ही यादी बारावीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी सोबत बसून वाचावी.

सर्वांत आधी जात वैधता प्रमाणपत्राचे काम हाती घ्यावे. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर सीईटीच्या निकालाची वाट न पाहता, बारावीचे वर्ष सुरू होताच महाविद्यालयाचे पत्र घेऊन जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा. या कामात वेळ जातो तो जुना पुरावा शोधण्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकापूर्वीचा पुरावा पाहिला जातो, म्हणजेच आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढावा लागतो. अशा जुन्या नोंदींत आजोबांचे नाव एका प्रकारे लिहिलेले असते, वडिलांच्या दाखल्यावर ते दुसऱ्या प्रकारे असते, आणि आडनावाच्या जागी काही वेळा केवळ जात लिहिलेली आढळते. नोंद मोडीत असेल तर मोडी जाणकाराकडून तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. ही सगळी धावपळ जुलैच्या पावसात, प्रवेशफेरीची मुदत संपत आली असताना करणारे वडील मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलाला त्या फेरीत जागा मिळाली होती, पण ती टिकली नाही.

नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र हे ज्याला जे लागू असेल त्याप्रमाणे सेतू केंद्रातून काढून ठेवावे. मात्र उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा आहे ना, हे तारीख वाचून पाहावे. मूळ कागदांचे किमान तीन छायांकित संच करावेत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला प्रवेशाच्या वेळी जमा होतो, त्यामुळे त्याच्या प्रती अधिक ठेवाव्यात.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर दरवर्षी भरावा लागतो, आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. इथे एक बारकावा आहे. एकाच्या नावावर दोन खाती असतील, तर ज्या खात्याची आधारजोडणी शेवटची झाली असेल त्याच खात्यात रक्कम जाते. माझ्या एका विद्यार्थिनीने पुण्यात नवे खाते उघडून तिथे आधार दिले आणि गावच्या खात्यात पैसे आले नाहीत म्हणून ती चार महिने उसनवारीवर राहिली. रक्कम नव्या खात्यात केव्हाच जमा झालेली होती. मुलींच्या पालकांनी हेही लक्षात ठेवावे की २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे, मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे, तर खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत काम करण्यात कोणताही कमीपणा मानू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात हीच वाट घालून दिली आणि तिच्यावरून कित्येक घरांतली पहिली पदवी आली.

राहण्याच्या सोयीबद्दल थोडेच सांगतो. कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहताना अनामत रकमेची पावती घ्यावी, पाणी किती वेळ येते ते आधीच राहणाऱ्या मुलांना विचारावे, आणि खानावळीचे महिन्याचे पैसे भरण्यापूर्वी आठवडाभर तिथे जेवून पाहावे. पुस्तके निघण्यापूर्वी विकत घेऊ नयेत. ग्रंथालयातून मिळतात ती सोडून उरलेली अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात.

अभ्यासाची तयारी मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. अकरावी-बारावीची पुस्तके इंग्रजीत असली तरी आमच्याकडे समजावणे मराठीतच होते, आणि पुण्याच्या वर्गात ते एकाएकी थांबते. पहिले सहा आठवडे यातच जातात. माझ्या एका विद्यार्थिनीची त्या काळातली वही मी मुद्दाम मागून पाहिली. प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला तिने पट्टीने रेघ मारून तीन बोटे जागा सोडली होती आणि वर्गात न कळलेला शब्द तिथे कानाला आला तसा देवनागरीत लिहिला होता. ‘नेग्लिजिबल’ या शब्दापुढे रात्री वेगळ्या शाईने ‘सोडून देण्याइतके लहान’ असे लिहिलेले होते. पहिल्या पानावर असे एकवीस शब्द होते, दिवाळीच्या सुमारास एका पानावर दोन-तीन उरले. ही सवय सुट्टीतच लावून घ्यावी. रोज अर्धा तास एखादे इंग्रजी व्याख्यान ऐकून तशी वही भरावी.

शंका विचारण्याचाही सराव लागतो. भर वर्गात हात वर करणे जमत नसेल, तर तास संपल्यावर वही उघडून नेमकी ओळ दाखवावी आणि ‘सर, इथपर्यंत समजले, ही पुढची पायरी समजली नाही’ असे मराठीत विचारावे. एवढे नेमके विचारणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक सहसा परत पाठवत नाहीत, हे मी शिक्षक म्हणून खात्रीने सांगतो. गणिताचा पहिला पेपर मागे राहिला तर एटीकेटीने, म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीने, वर्ष वाचते, पण तो विषय पुढच्या सत्रातही डोक्यावर राहतो, म्हणून गणिताची उदाहरणे रोजच्या रोज सोडवावीत. टर्मवर्कच्या, म्हणजे सत्रभरातल्या प्रयोगांच्या, फायली शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याच्या पाहून उतरवण्यापेक्षा प्रयोग झाला त्याच दिवशी लिहाव्यात, कारण तोंडी परीक्षेत त्याच फाइलवरून विचारतात. हजेरी साधारणपणे पंचाहत्तर टक्के लागते.

शेवटी कागदपत्रांच्या फाइलच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवावा आणि त्यावर घरचे दोन क्रमांक, वर्गशिक्षकांचा क्रमांक, रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ आणि मन फार खचले तर बोलता येईल असा टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक पेनाने लिहून ठेवावेत. मोबाइल हरवतो, बंद पडतो. फाइल खोलीतच असते.