वाळवंटात चित्र काढायला चाललाय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

ठाण्याच्या तलावपाळीवर दर रविवारी चित्रं काढत बसून आमचा हात बऱ्यापैकी बसला होता, त्यामुळे डिसेंबरात ठाणे-ऐरोलीकडचे आम्ही सात जण मोठ्या ऐटीत जैसलमेरला पाच दिवसांच्या पेंटिंग कॅम्पला गेलो आणि पहिल्याच दिवशी सातही जणांची चित्रं बोंबलली. हात तोच होता, रंग तेच होते, पण सवयी सगळ्या ठाण्याच्या.

सगळ्यात जास्त मार खाल्ला वॉटरकलरने. आपल्याकडे हवा दमट, आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) मारून चहा घेऊन आलं तरी कागद ओलाच असतो, पावसाळ्यात तर हेअर ड्रायर काढावा लागतो. तिथे कोरडी हवा आणि वर वारा, ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावीकडचा रंग सुकलेला आणि मधे एक कडक रेघ. मग आपण काय करतो, घाबरून त्या अर्धवट सुकलेल्या रंगावर परत ओला ब्रश फिरवतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पाडून ठेवतो. हे करू नका. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडजूड, कॉटन पेपर घ्या, आधी साधं पाणी मारा, दोनेक मिनिटांनी परत मारा, म्हणजे कागद आतपर्यंत भिजतो. रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवा, कारण मधे कालवायला थांबलात की संपलंच. आणि रेघ आलीच तर हात आवरा, पूर्ण वाळू द्या, मग त्या अख्ख्या भागावर एक पातळ वॉश. ॲक्रिलिकवाल्यांनी चपट्या डब्यात ओला टिशू आणि त्यावर बटर पेपर अंथरून त्यावर रंग काढा, नाहीतर पॅलेटवरच प्लास्टिक होतं.

दुसरी चूक मला स्वतःला फार लागली, क्षितिजावर हिरवा पट्टा. आकाशाचा निळा खाली ओढत आणला, खाली वाळूचा यलो ओकर (मातकट पिवळा) ओला होता, झालं, मधे पोपटी. तलावपाळीला हे खपून जातं कारण तिथे झाडं असतातच, वाळवंटात कुणीही विचारेल हे शेत कुठून आलं? निळा अर्ध्यावर सोडा, खाली येताना अगदी पातळ लाइट रेड किंवा बर्न्ट सिएना (तांबूस-तपकिरी रंग) घ्या, आणि वाळूला आकाश सुकल्यावरच हात लावा.

सावलीत काळा घालू नका. वाळूवरच्या सावलीत सूर्य नसतो पण निळ्या आकाशाचा उजेड असतो, म्हणून ती निळसर-जांभळी दिसते, अल्ट्रामरीन निळ्यात चिमूटभर बर्न्ट सिएना पुरे.

टेकड्यांचं सांगतो, आम्ही सगळ्यांनी जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्या ठाण्याच्या येऊरच्या डोंगरासारख्या दोन्ही बाजूंनी सारख्या गोल काढल्या. वाऱ्याकडची बाजू लांब आणि सौम्य चढाची असते, पलीकडे वाळू घसरून पडते म्हणून तिथला उतार तीव्र, साधारण ३० ते ३४ अंश, आणि माथ्याची धार एकदम स्पष्ट. ती धार जमली की टेकडी वाळूची वाटते, नाहीतर बटाट्याचं पोतं. उंट शेवटी काढा, ते थांबत नाहीत (आणि खरं सांगू, नाही काढलेत तरी चालेल, पोस्टकार्डं भरपूर आहेत).

उन्हात कागद धरून रंगवू नका. पांढरा कागद इतका चमकतो की आपण सगळं गडद करत जातो आणि खोलीत आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री पांढरी किंवा राखाडी, रंगीत नको, आमच्यातल्या एकाच्या लाल जॅकेटमुळे त्याच्या कागदावर लालसर झाक पडत होती आणि तो दिवसभर पिवळ्याला दोष देत होता. रंग लावताना गॉगल काढा.

ठाण्याच्या सवयीने साडेपाचला उठून बसलो तर नुसता अंधार आणि थंडी, कारण जैसलमेर ठाण्याच्या पश्चिमेला आणि बरंच उत्तरेलाही, डिसेंबरअखेर सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. सावल्या भराभर बदलतात, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या कडा पेन्सिलने बांधून टाका आणि नंतर सूर्य कुठेही जाऊ दे, त्या बदलू नका.

ईझलचे (चित्र ठेवायच्या स्टँडचे) पाय वाळूत रुततात, खाली श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं ठेवा आणि मधे वाळूने भरलेली पिशवी लटकवा. ओल्या ऑइल पेंटवर वाळू बसली तर पुसू नका, वाळल्यावर कोरड्या ब्रशने झाडा. टर्पेंटाइन विमानात किंवा ट्रेनमध्ये नेता येत नाही हे आधीच बघा, आमच्याकडची बाटली घरीच राहिली. पाणी मात्र रंगासाठी वेगळं न्या, टेकडीवर टपरी नसते.

जायच्या आधी मार्चमध्ये खारघरच्या टेकडीवर सुकलेल्या गवताचे पिवळे करून बघा, आणि गच्चीवर भर दुपारी टेबल फॅन फुल स्पीडला लावून त्यासमोर चार-पाच वॉश मारा. शेजारच्या काकू विचारतील, त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.