लोट्याला रुजू होण्याआधी पुस्तकांची पिशवी

लोनेऱ्याहून किंवा आणखी कुठून केमिकलची डिग्री घेऊन लोटे, महाड, रोह्याच्या एमआयडीसीत रुजू होणार असाल, तर पुस्तकं घेण्याआधी कामाचं स्वरूप विचारून घ्या. पेरीचं हँडबुक (केमिकल इंजिनिअरिंगचा जाडजूड संदर्भग्रंथ) कंपनीत आहे का, तेही विचारा. ते लागतंच, पण १९३४ पासून वाढत वाढत दोन हजार पानांच्या पुढे गेलंय. रात्रपाळीत ते चाळायला उसंत मिळत नाही. स्वतःचं घ्यायचं ते एका हातात मावणारं.

दुकानात उभ्याउभ्या तीन गोष्टी शोधा: २ इंची शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा प्रमाणित वर्ग) पाइपचा आतला व्यास, टोल्यूइनची बाष्पीभवनाची उष्णता आणि पंपाच्या एनपीएसएचचं (शोषणाच्या बाजूला द्रवाचा दाब उकळण्याच्या दाबापेक्षा किती वर आहे त्याचं) सूत्र. मागच्या सूचीवरून तिन्ही पाच मिनिटांत सापडल्या (व्यास ५२.५ मिलिमीटर दिसला पाहिजे) तर पुस्तक घ्या. सूची तोकडी असेल तर मजकूर कितीही चांगला असो, ऐन वेळी हाती लागत नाही.

मग एककं. जुन्या अमेरिकी पुस्तकांत बीटीयू आणि फॅरनहाइट, आपल्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर. रूपांतराचा तक्ता हवाच. स्टीम टेबल (वाफेचा दाब-तापमानाचा तक्ता) वेगळं, पातळ घ्या आणि त्यातला दाब ॲबसोल्यूट (निर्वातापासून मोजलेला) आहे की गेज (हवेच्या दाबाच्या वर मोजलेला), ते पहिल्याच पानावर पेनाने लिहून ठेवा. पहिल्या वर्षी मी गेजवरचे ७ बार तसेच टेबलात बघितले आणि १६५ अंश धरले. वाफ होती १७० ची. जॅकेटचा (भांड्याभोवतीच्या वाफेच्या कवचाचा) सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला.

सायक्रोमेट्रिक चार्ट (हवेचं तापमान आणि ओलावा यांचा आलेख) असल्याशिवाय कोकणात येऊ नका. कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्बखाली (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवरच्या तापमानाखाली) जात नाही, आणि जुलैत इथे वेट बल्ब हवेच्या तापमानाला जवळजवळ टेकलेला असतो. थंड मुलखात बसून लिहिलेले कूलिंग वॉटरचे ठोकताळे तेव्हा इथल्या कंडेन्सरला लागू पडत नाहीत. म्हणून आकड्यामागची अट सांगणारं पुस्तक निवडा. नुसतेच आकडे देणारं खुशाल परत ठेवा, स्वस्त असलं तरी.

डिस्टिलेशनसाठी जुनी आवृत्ती चालेल, सुरक्षेसाठी मात्र नवीच घ्या.

पिशवीत झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा टाका, पावसाळ्यात पानांना बुरशी धरते. चिपळुणात तळमजल्यावर खोली मिळाली तर डबा माळ्यावर चढवा. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं होतं.