समोरून अनोळखी कुत्रा येताना
समोरून दुसरा कुत्रा येताना दिसला की आपला कुत्रा पट्टा ताणून भुंकू लागतो, आणि आपण घाबरून पट्टा आखडल्यास त्याचा आवेश आणखीच वाढतो. अशा वेळी सरळ समोर न जाता, दोघांमध्ये वीस-पंचवीस पावलांचे अंतर असतानाच कमानीसारखे वळण घ्यावे, आपण स्वतः मध्ये राहावे आणि पट्टा सैल ठेवून, कुत्रा शांत असतानाच त्याला उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे एकामागून एक देत पुढे जावे. नेहमीचा आवडता खाऊही तो नाकारत असेल, तर अंतर अपुरे आहे असे समजून आणखी दूर सरकावे. माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण आहे. मात्र पट्टा बोटांभोवती कधीही गुंडाळू नये, कारण अचानक हिसका बसल्यास बोट मोडू शकते.