क्राउन-पिनियन बदलायच्या आधी

पहिलं सामान म्हणजे एक वही. पंधरा दिवस गाडी कुठं फिरली, कितव्या गिअरमध्ये जास्त चालली आणि इंजिन कुठं दमल्यासारखं वाटलं, ते रोज रात्री दोन ओळींत लिहा. मागच्या ॲक्सलमध्ये गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला छोटा दातेरी पिनियन असतो, तो मोठ्या दातेरी क्राउनला फिरवतो; क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. हा रेशो कुठला घेऊ, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वही घ्यायला लावतो, कारण बहुतेकजण दुसऱ्याच्या गाडीतला आकडा डोक्यात घेऊन येतात. "त्याच्या गाडीत साडेचारचा बसवलाय, काय पळतीय!" पळत असेल. पण त्याची गाडी कोल्हापुरातच सायबर चौक ते शाहूपुरी एवढीच फिरते आणि तुमची महिन्यातनं दोनदा पुण्याला जाते. ऊसाचा हंगाम असेल तर तेही वहीत येऊ दे. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं आणि जागा मिळाली की दुसऱ्यातच उचलून पुढं काढायची, हा आपल्याकडच्या गाडीच्या आयुष्याचा मोठा भाग आहे.

आकडा वाढला की पिकअप वाढतो आणि टॉप गिअरमध्ये इंजिन जास्त फिरतं. कमी झाला की उलटं. 'हाय' आणि 'लो' हे शब्द मात्र तोंडात आणू नका. दुकानदार एक अर्थ धरतो, मिस्त्री दुसरा. ऑर्डर दात सांगूनच द्या: क्राउन ४३, पिनियन ११, म्हणजे ३.९.

सध्या गाडीत काय आहे ते स्वतः मोजा. आधीच्या मालकानं काय घातलं असेल सांगता येत नाही. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक वीस वेळा फिरवा. दुसरं चाक जागेवर असल्यानं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग) वीस फेऱ्यांचे दहाच करतो, म्हणून शाफ्टचे फेरे भागिले दहा हा तुमचा रेशो. शाफ्ट ३९ वेळा फिरला तर ३.९. लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाला एकट्यानं मोकळं फिरू न देणारा डिफरन्शियल असेल तर ही पद्धत चालत नाही, तिथं कव्हर उघडून दातच मोजा.

टायर आधी ठरवा, क्राउन नंतर. १८५/६५ आर १४ चा व्यास साधारण ५९६ मिलिमीटर, १९५/५० आर १५ चा ५७६. रिम मोठी दिसते, पण चाक लहान झालेलं असतं, आणि नुसत्या त्या बदलानं ३.९ ची गाडी ४.०४ सारखी वागायला लागते. क्राउन आधी घेतला आणि टायर नंतर बदलले तर सगळा हिशोब परत करावा लागतो.

आता हिशोब. गाडीत माणसं बसवून टायर एक फेरा फिरू दे आणि जमिनीवर तेवढं अंतर टेपनं मोजा. १८५/६५ आर १४ साठी ते १.८३ मीटरच्या आसपास येईल. ताशी १०० ला हे चाक मिनिटाला ९११ वेळा फिरतं. त्याला टॉप गिअरच्या रेशोनं आणि ॲक्सलच्या रेशोनं गुणलं की इंजिनचे आरपीएम मिळाले. पाचवा गिअर ०.८५ धरला तर ३.५ ला २७१०, ३.९ ला ३०२० आणि ४.३ ला ३३३०. मध्ये दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर कारला वेगमर्यादा १०० ची आहे, म्हणून याच वेगाला आकडे काढून बघा, १६० ला नको. मग इंजिनचा टॉर्क (ओढ) किती आरपीएमला भरतो ते मॅन्युअलमध्ये पाहा. तीन हजाराच्या पुढं भरत असेल तर ४.३ ला गाडी हायवेवर जागी राहते, ओव्हरटेकला चौथा लावावा लागत नाही. चारच गिअरची गाडी असेल आणि टॉप सरळ १.० असेल, तर त्याच ४.३ ला इंजिन ३९०० वर फिरत राहील. कागल ओलांडून निपाणीपर्यंत जाईस्तोवर कान बसतात, पेट्रोल जातं ते वेगळंच. चार गिअरच्या गाडीवाल्यांनी आधी पाच गिअरचा बॉक्स शोधावा असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटाचंही वहीत बघा. आंब्याला किंवा करूळला दुसरा गिअर ओरडतो आणि तिसऱ्यात गाडी मरते, अशी तक्रार असेल तर ३.९ वरून ४.३ हे तिचं औषध आहे. प्रत्येक गिअरमध्ये चाकाला साधारण १० टक्के जास्त ओढ मिळते. पहिला गिअर मात्र तेवढाच आखूड होतो. ३.६ चा पहिला गिअर असेल तर ६००० आरपीएमला तो ताशी ४७ ऐवजी ४३ लाच संपतो. रस्त्यावरच्या गाडीला याहून मोठी उडी मी सुचवत नाही. आणि जिप्सीवाल्यांनी नीट ऐका: मागचा क्राउन बदलला तर पुढचाही त्याच रेशोचा बदलावा लागतो, नाहीतर फोर व्हील लावल्यावर दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी, फुटते.

क्राउन आणि पिनियन जोडीनंच घ्या. कारखान्यात दोन्ही एकत्र घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर जुळत नसेल तर पैसे देऊ नका, मग किंमत कितीही कमी असो. सोबत नवीन बेअरिंग, सील, शिमचा (जागा जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच आणि पिनियनच्या बेअरिंगांमधला दबणारा स्पेसर घ्या. या स्पेसरबद्दल मी पोळलोय. एका मिस्त्रीनं जुनाच परत घातला, "चालतंय की" म्हणाला. तो एकदा दबलेला असतो, बेअरिंगला पुन्हा नीट ताण देत नाही. महिन्याभरात ताशी ६० ला मागनं रडल्यासारखा आवाज सुरू झाला आणि दात एका बाजूला खाल्लेले निघाले. नवी जोडी भंगारात गेली.

उद्यमनगरात हे काम जाणणारे हात आहेत. निवडताना एकच बघा: डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी ढिलाई, मोजतात की हातानं हलवून "बरोबर आहे" म्हणतात. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, अशा ॲक्सलला बहुधा ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या घरात. दात कुठं टेकतात त्याचा ठसा घेताना तुम्ही तिथं उभे राहा. शेंदूर तेलात कालवून चार-पाच दातांना लावतात, क्राउन थोडा अडवून फिरवतात, आणि जिथं दात टेकले तिथला शेंदूर पुसला जाऊन लंबगोल डाग उरतो. तो दाताच्या मध्यावर हवा. दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन क्राउनच्या जास्त जवळ गेलाय, शिम पातळ करायचा; टोकाशी आला तर जाड. दोनतीन वेळा उघडझाक होणारच. अर्धा दिवस जाऊ दे, घाई करायला लावू नका.

ॲक्सलचं तेल जीएल-५ चं घ्या, ग्रेड मॅन्युअलप्रमाणं. पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथं जीएल-४ सांगितलं असेल तर पितळी रिंगांसाठी जीएल-४ च. ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) उघडून फुंकून बघा. गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती असं कळलं तर जुनं तेल भांड्यात काढून पाहा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय आणि बेअरिंग सगळीच बदलायची आहेत.

शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) तपासा, ३.९ चं ४.३ केलं तर शाफ्ट आता त्याच वेगाला १० टक्के जास्त फिरणार आहे. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरनं येत असेल तर १०० ला ११० दाखवेल, त्याचा छोटा प्लास्टिक गिअर आधीच शोधून ठेवा. आरटीओत आणि विमा कंपनीला कामाच्या आधी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.

जोडणी झाल्यावर पहिल्या दिवशी वीस किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. पाचशे किलोमीटर होईपर्यंत पन्हाळ्याचा चढ नको, काही ओढणंही नको. मग तेल काढा आणि चुंबकाचा प्लग असेल तर बोटानं पुसून बघा. राखाडी, मऊ लेप असेल तर नवीन तेल भरा. बोटाला टोचणारी धातूची कपची लागली तर गाडी तिथंच ठेवा आणि कव्हर उघडायला सांगा.