बेसमेंटमध्ये महिनोन्महिने राहिलेली बिअर: मोरीत ओतायच्या आधी एवढं करा

ऑक्टोबरमध्ये मोठ्या हौसेने घरी पेल एल (एक फिकट रंगाची बिअर) आंबायला लावायची, मग दिवाळी येते, मग डिसेंबरमध्ये पुण्याला कुणाचं तरी लग्न, परत आल्यावर जेटलॅग आणि तुंबलेलं ऑफिस, बाटल्या धुवायचा कंटाळा तर कायमचाच, आणि बघता बघता एप्रिल उजाडतो. अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या मराठी मंडळींपैकी पुष्कळांच्या बेसमेंटमध्ये बिअर आंबवायची अशी एक तरी बकेट होऊन गेलेली असते. नियम सांगतो दोन-तीन आठवड्यांत बाटल्या भरा, आणि इथे झालेत सहा महिने. आणि मग बहुतेक लोक झाकणही न उघडता ठरवतात की गेली, फेका.

तर माझं म्हणणं एवढंच की कॅलेंडर बघून बिअर फेकू नका. नुसत्या दिवसांनी बिअर मरत नाही, हवा आत गेली की मरते. त्यामुळे किती महिने झाले हा प्रश्न नंतरचा, त्या महिन्यांत आत हवा गेली का हा पहिला.

(कायद्याचं एकदाच बोलून घेतो. हे सगळं अमेरिका, ब्रिटन, जर्मनी वगैरे ठिकाणच्या लोकांसाठी आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरने १९७८ साली सही केली आणि १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने घरची बिअर चालते, घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २००, विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं तर २०१३ पर्यंत अडून बसली होती. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू गाळणं काय किंवा बिअर आंबवणं काय, गुन्हाच आहे, तेव्हा हे वाचून नाशिकला बकेट लावू नका.)

पहिलं काम, बकेटला हात न लावता नुसतं एअरलॉक बघा, म्हणजे झाकणावरची ती पाणी भरलेली छोटी नळी, जी आतला गॅस बाहेर सोडते पण हवा आत येऊ देत नाही. त्यात पाणी आहे का? असेल तर अर्धी लढाई जिंकलात. बेसमेंटमध्ये हीटर चालू असेल तर हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होते की एअरलॉकमधलं पाणी महिन्या-दोन महिन्यांत उडून जातं, आणि एकदा ते सुकलं की बकेट आणि बाहेरची हवा यांच्यात काहीही उरत नाही. चिलटं आत जातात, आणि चिलटांच्या पायाला व्हिनेगरचे जंतू असतातच. एअरलॉकमध्ये मेलेली चिलटं तरंगत असतील तर घाबरू नका, उलट ती तिथेच अडकली हे चांगलं झालं. कोरडं ठणठणीत एअरलॉक आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिलटं दिसली तर मात्र मनाची तयारी ठेवा.

बकेट की काचेचा कार्बॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली) यानेही फरक पडतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या बकेटमधून आणि तिच्या झाकणाच्या कडेने थोडी थोडी हवा आत जातच असते, एका महिन्यात काही कळत नाही पण आठ महिन्यांत कळतं. काचेतून हवा जात नाही, तिथे फक्त बुच आणि एअरलॉक नीट हवं. पण काचेला उजेडाचा त्रास, खिडकीजवळ राहिली असेल तर हॉप्सला (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) तो स्कंक नावाच्या प्राण्यासारखा घाण वास येतो आणि त्यावर काही इलाज नाही.

आता झाकण उघडा. हळू, आणि एकदाच. सारखं उघडून बघायची खोड असेल तर आवरा, कारण दर वेळी आतला कार्बन डायऑक्साइड निघून ताजी हवा आत जाते. वर काय दिसतंय? स्वच्छ, काळपट, शांत बिअर असेल तर उत्तम, इतके महिने राहिल्याचा हा एक फायदाच, सगळा साका तळाशी घट्ट बसलेला असतो आणि बिअर दुकानातल्यासारखी नितळ होते. कडेला वाळलेला तपकिरी थर असेल तर तो सुरुवातीच्या फेसाचा, त्याचं काही नाही. तापवून ठेवलेल्या दुधावर येते तशी पांढरट, सुरकुतलेली साय आली असेल तर रानटी यीस्ट किंवा बॅक्टेरिया शिरलेत आणि वर हवाही आहे, कारण ही साय हवेशिवाय सहसा धरत नाही. ही बिअर विषारी नाही पण तिचं वेगळं बघावं लागेल, खाली सांगतो. आणि केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी असेल तर चर्चा नाही, ओता. वरचा भाग काढून खालची पिऊ असले उद्योग करू नका.

मग वास. इथे नाकावर भरवसा ठेवा. व्हिनेगरचा झणझणीत वास आला तर ॲसिटोबॅक्टर हा व्हिनेगरचा जंतू बसलाय, ती बिअर परत बिअर होणार नाही. नेलपॉलिशचा वास म्हणजे जवळपास तेच प्रकरण. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा जुन्या शेरी वाइनचा वास म्हणजे हवा लागली पण जंतू लागले नाहीत, पिता येईल पण मजा नाही. आणि सोया सॉस, मार्माइट (यीस्टचा खारट स्प्रेड), जळकं रबर असं काही आलं तर ते ऑटोलिसिस, म्हणजे तळाशी मेलेलं यीस्ट स्वतःच्याच एन्झाइमने फुटून आतला माल बिअरमध्ये सोडतं.

या ऑटोलिसिसचा बाऊ फार झालाय असं माझं मत आहे. मोठ्या ब्रुअरीत दोन मजली उंच टाकी असते, तळाच्या यीस्टवर सगळ्या बिअरचा दाब आणि वर मध्येच साठणारी उष्णता, तिथे हा त्रास लवकर होतो. आपल्या १९ लिटरच्या रुंद बकेटमध्ये दाब कसला? थंड बेसमेंटमध्ये, १५-१८ डिग्रीला (इथून पुढे सगळीकडे सेल्सियस), बिअर यीस्टवर तीन महिने सहज बसते आणि पुष्कळदा सहा महिन्यांनंतरही काही जाणवत नाही. टेक्सासच्या गॅरेजमध्ये उन्हाळा काढलेली बकेट असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

बरं, दिसायला ठीक, वासाला ठीक, आता चव आणि हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायची तरंगती काचेची नळी. साखर जितकी उरलेली तितका आकडा मोठा. सॅनिटाइझ केलेल्या टर्की बेस्टरने (रबरी फुगा असलेल्या मोठ्या ड्रॉपरने) मधल्या थरातून नमुना काढा, नळ असलेली बकेट असेल तर नळावर आधी स्टार सॅन (जंतुनाशक) फवारा आणि पहिला घोट-दोन घोट सोडून द्या कारण नळाच्या तोंडाशी महिनोन्महिने काय काय वाळलेलं असतं. नमुना चाखायला घाबरू नका. हॉप्स, अल्कोहोल आणि ४ ते ४.५ चा पीएच, या तिन्हीत आजारी पाडणारे जंतू तग धरत नाहीत, फार तर तोंड वाकडं होईल.

हायड्रोमीटरचा आकडा नीट वाचा कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समजा १.०५० ला सुरुवात केली होती. आता १.०१० ते १.०१४ आलं तर सगळं नेहमीचं, पाच टक्क्यांच्या आसपास बिअर झालीय. १.००२ वगैरे आलं तर काहीतरी रानटी आत शिरून उरलेली साखरही खाऊन गेलंय, बिअर पातळ लागेल, पण खायला फारसं उरलं नाही म्हणून बाटलीत धोका त्या मानाने कमी. खरी भीती तिसऱ्या केसची आहे, आकडा १.०२५ वर अडकलेला. थंडीत बेसमेंट १० डिग्रीवर गेलं, यीस्ट अर्ध्यात झोपलं, आणि तुम्हाला वाटतंय की सहा महिने झाले म्हणजे संपलंच असणार. अशा बिअरमध्ये खाली सांगितलंय तसं ताजं यीस्ट घालून सरळ बाटल्या भरल्या तर ते यीस्ट उरलेली साखर बंद बाटलीत खाणार. ढोबळ हिशोब असा की ग्रॅव्हिटी बाटलीत ०.००४ ने उतरली तर साधारण २ व्हॉल्यूम (१ व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस) जास्तीचा गॅस होतो, म्हणजे एकूण गॅस नेहमीच्या जवळपास दुप्पट, आणि बाटल्या फुटतात. काच उडते. त्यामुळे अडकलेली बकेट आधी वर घरात आणा, २० डिग्रीला, त्यातच ताजं यीस्ट घाला, आठवडा-दहा दिवस द्या आणि तीन दिवस आकडा हलला नाही की मगच पुढे जा. एक्स्ट्रॅक्टची (माल्टच्या तयार पाकाची) किंवा भरपूर क्रिस्टल माल्टची (यात यीस्टला न पचणारी साखर जास्त) बिअर असेल तर ती १.०२० वरच थांबू शकते, म्हणून आकड्यापेक्षा तो हलतोय का हे जास्त महत्त्वाचं.

कुठली बिअर होती यावरही बरंच आहे. आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) असेल तर खोटी आशा देत नाही, हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो, आणि ड्राय हॉप्सची (वासासाठी नंतर घातलेल्या हॉप्सची) पिशवी आतच राहिली असेल तर गवत चावल्यासारखं लागेल. कडूपणा बराच राहतो, त्यामुळे ती एक बरी पेल एल समजून प्या, नाहीतर बाटल्या भरायच्या आधी चार-पाच दिवस ३० ग्रॅम ताजे हॉप्स घाला. गव्हाची बिअर पडेल लागते. स्टाउट, पोर्टर या काळ्या बिअर आणि ८ टक्क्यांच्या वरच्या तगड्या बिअर यांना मात्र हे महिने मानवतात, एका मित्राची इम्पीरियल स्टाउट अशीच राहून गेली होती आणि ती त्याची आजवरची सगळ्यात चांगली बॅच निघाली, अर्थात तो आता सगळ्यांना ते मुद्दाम केलं होतं असं सांगतो.

आता बाटल्या. आदल्या दिवशी बकेट टेबलावर चढवून ठेवा म्हणजे हललेला साका परत बसेल, २० किलोच्या वर वजन असतं, दोघांनी उचला, कंबर धरली तर बिअरचं राहूद्या. नंतर सायफनने बिअर बॉटलिंग बकेटमध्ये (बाटल्या भरायच्या वेगळ्या बकेटमध्ये) घ्या, नळीचं खालचं टोक या बकेटच्या तळाला टेकवून ठेवा म्हणजे धबधबा होणार नाही. जुन्या बिअरला आत्ता हवा लागणं सगळ्यात वाईट, कारण ताज्या बिअरमधलं जोमदार यीस्ट थोडी हवा खाऊन टाकतं, इथे ते यीस्टच उरलेलं नाही. शेवटचा लिटरभर हावरटपणा न करता सोडून द्या.

आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. नितळ झालेल्या बिअरमध्ये यीस्ट फार थोडं उरतं आणि उरलंय तेही थकलेलं, त्यामुळे नेहमीसारखी साखर घालून बाटल्या भरल्या की दोन महिन्यांनीही गोड, मचूळ, गॅस नसलेली बिअर हातात येते. दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त झालं असेल किंवा बिअर तगडी असेल तर ताजं यीस्ट घालाच. १९ लिटरला २ ग्रॅम पुरे, पूर्ण पाकीट नको. लालेमंड कंपनीचं सीबीसी-१ हे यीस्ट याच कामासाठी येतं, ते नसेल तर यूएस-०५ हे नेहमीचं एल यीस्ट चालतं. ३०-३५ डिग्रीच्या पाव वाटी उकळून निववलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मग ढवळून घाला. उकळत्या पाकात घालू नका, मरेल.

साखरेचं गणित करताना एक गोष्ट सुटते. ऑनलाइन कॅल्क्युलेटर तापमान विचारतो, तिथे आजचं तापमान टाकायचं नसतं, आंबणं संपल्यानंतर बिअर ज्या सगळ्यात जास्त तापमानाला पोचली ते टाकायचं, कारण तेवढा गॅस तिच्यातून निघून गेलाय आणि नंतर थंड झाली म्हणून तो परत येत नाही. २० डिग्री धरलं आणि २.४ व्हॉल्यूम हवे असतील तर १९ लिटरला साधी साखर साधारण ११० ग्रॅम. पण आधी बॉटलिंग बकेटमध्ये खरंच किती लिटर आलीय ते बघा, १७ च आली असेल तर साखर त्या प्रमाणात कमी. एक-दीड वाटी पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करा, रिकाम्या बकेटच्या तळाशी ओता आणि त्यावर सायफनने बिअर सोडा, शेवटी स्वच्छ चमच्याने दोन-चार वेळा हलक्या हाताने फिरवा.

साय धरलेली पण चवीला छान आंबट लागणारी बिअर असेल तर ती बाटलीत घालायची घाई करू नका, महिन्याच्या अंतराने दोनदा ग्रॅव्हिटी मोजा, हलली नाही तर जाड बेल्जियन बाटल्यांत भरा. त्या बकेट, नळ्या, सायफन यांच्यावर मार्करने फुली मारा आणि साध्या बिअरला परत वापरू नका, प्लास्टिकच्या ओरखड्यांत हे जंतू बसले की स्टार सॅनने जात नाहीत. आणि व्हिनेगर झालंच असेल तर होऊ द्या पूर्ण, कापड बांधून ठेवा, कमी हॉप्सची बिअर असेल तर चांगलं माल्ट व्हिनेगर मिळतं, कांद्यावर नाहीतर चिकनच्या मॅरिनेडला मस्त. टिकाऊ लोणच्याला मात्र वापरू नका, आम्लता किती आहे ते माहीत नसतं. आयपीएचं व्हिनेगर कडू होतं, ते ओता.

बाटल्या भरताना एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरा, हवा दाबून काढून झाकण लावा. ती रोज बोटाने दाबून बघायची. दगडासारखी टणक झाली म्हणजे गॅस झाला, एकही काचेची बाटली उघडावी लागत नाही. आणि प्रमाणाबाहेर फुगली तर बाकीच्या लगेच फ्रिजमध्ये. २०-२१ डिग्रीला तीन आठवडे द्या, जुन्या बिअरला चार. चार आठवड्यांनीही प्लास्टिकची बाटली मऊच असेल तर बाटल्या उलट्यासुलट्या करून तळाचं यीस्ट हलवा आणि दोन आठवडे फर्नेसच्या खोलीजवळ ठेवा, खोक्यात घालून आणि वर जुनं ब्लँकेट टाकून, तेवढ्याने बहुतेक वेळा चालू पडतं.