टुर्नामेंट पोकरवर पोट भरायचंय? या चुका टाळा

आखाजीला पत्ते खेळणाऱ्याला खान्देशात कुणी नावं ठेवत नाही. त्या डावात चार पैसे जिंकलेला पोरगा ‘आपल्याला पत्ता कळतो’ म्हणत टुर्नामेंटकडे वळतो. पण आखाजीच्या डावातून मनात येईल तेव्हा उठता येतं. टुर्नामेंटमध्ये फी भरून मिळालेल्या चिप्स (खेळातली टोकनं) संपेपर्यंत बसावं लागतं आणि ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीने लावावी लागणारी लहान-मोठी रक्कम, ठरल्या वेळी वाढतच जातात.

सगळ्यात महाग पडते ती हिशेबाची चूक. मी भुसावळचा. पहिली दोन वर्षं माझ्या वहीत फक्त जिंकलेल्या रकमा होत्या. रिबाय (चिप्स संपल्यावर पुन्हा पैसे भरून घेतलेल्या चिप्स), स्पर्धेला जायचं गोवा एक्स्प्रेसचं तिकीट, पणजीतली खोली, यातलं काहीच लिहिलं नव्हतं. केळीवाला नुसता भाव सांगून नफा झाला म्हणतो का? रोपं, खत, ठिबक, मजुरी वजा करतोच ना! साधं गणित करा. 5,000 रुपये फीच्या 100 स्पर्धा म्हणजे 5 लाख. बक्षीस साधारण 15 टक्के खेळाडूंना मिळतं, त्यातल्या बहुतेकांच्या हाती फीच्या दुप्पट-तिप्पट येतं. खरा पैसा पहिल्या तीन नंबरांत, आणि तिथे चांगला खेळाडूही क्वचित पोचतो. म्हणून निदान 100 फिया वेगळ्या काढल्याशिवाय त्या फीच्या टेबलावर बसू नका. घरखर्चाचा पैसा त्यात धरायचा नाही.

2003 मध्ये ख्रिस मनीमेकर 86 डॉलरच्या सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेची जागा जिंकून देणारी छोटी स्पर्धा) पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत शिरला आणि 25 लाख डॉलर जिंकला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या स्पर्धेत 839 जण उतरले होते, हेही पाठ करा.

टेबलावरची एक चूक मी रोज बघायचो. ब्लाइंड 500-1000, हातात 9,000 चिप्स. पोरगा 2,500 ची रेज करतो (बोली वाढवतो), समोरचा ऑल-इन म्हणतो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो, आणि हा पत्ते टाकतो. चौथाईहून जास्त चिप्स गेल्या, पत्ते उघडलेसुद्धा नाहीत. दहा मोठ्या ब्लाइंडच्या आत (इथे 10,000 चिप्सच्या आत) आलात की एक तर ऑल-इन, नाही तर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकणं. मधलं काही नको.

घरबसल्या ऑनलाइन कमावण्याचा रस्ता आता बंद आहे. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यात पोकरही आलं. ‘परदेशी अ‍ॅप आहे, चालतं’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका, भाऊ. अडकले तर तक्रार कुठे करणार?

कराचंही आधीच बघा. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आणि वर सेस. हरलेल्या स्पर्धांचा तोटा किंवा प्रवासखर्च त्यातून वजा होत नाही. मित्राने निम्मी फी भरली असेल, तर त्याचा वाटा कर कापण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या, हे गाडीत बसण्याआधी वहीत लिहा आणि दोघांनी सही करा. माझी एक जुनी दोस्ती एवढ्याच प्रश्नावरून तुटली.